वीज आणि पाण्याचं बिल कमी करायचं तर आधी मीटर वाचा

वीज वाचवायची म्हटलं की पहिला हात दिव्याच्या बटणाकडे जातो, आणि पाणी वाचवायचं म्हटलं की दात घासताना नळ बंद करण्याकडे. दोन्ही सवयी चांगल्याच आहेत, पण बिल बहुतेक वेळा दुसरीकडेच फुगत असतं. विजेचा मोठा वाटा पाणी तापवण्यात आणि हवा किंवा अन्न गार करण्यात जातो. उरलेल्यापैकी बराचसा दिवसाचे २४ तास गुपचूप चालू राहणारी उपकरणं खातात. पाण्याचंही तसंच आहे. फ्लशच्या टाकीतून आवाज न करता झिरपणारं पाणी कधीकधी एका माणसाच्या दिवसभराच्या वापराइतकं भरतं. म्हणून काम मीटरपासून सुरू करायचं आणि जिथे आकडा मोठा दिसेल तिथे आधी हात घालायचा.

बिलावर काय पाहायचं

विजेच्या बिलात स्थिर आकार आणि वापरलेल्या युनिटांचा आकार असे दोन भाग असतात. एकही युनिट न वापरता स्थिर आकार लागतोच, तेव्हा बचत होते ती दुसऱ्या भागात. दर टप्प्याटप्प्याने चढत असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या: तुम्ही वाचवलेलं युनिट नेहमी सगळ्यात वरच्या, म्हणजे सगळ्यात महाग टप्प्यातलं असतं. बिलाची रक्कम भागिले एकूण युनिट असा सरासरी दर काढून हिशोब मांडला तर बचत आहे त्यापेक्षा कमी दिसते, आणि चांगला पंखा किंवा चांगला फ्रिज विनाकारण महाग वाटतो. हिशोबाला वरच्या टप्प्याचाच दर धरा.

दोन महिन्यांची तुलना करताना बिल किती दिवसांचं आहे ते आधी पाहा. एक बिल २८ दिवसांचं आणि दुसरं ३४ दिवसांचं असेल तर सवयी न बदलताही पाचवा हिस्सा वाढलेला दिसेल. युनिटांना दिवसांनी भागा आणि रोजचा आकडा वहीत लिहा. बिलावरचं रीडिंग प्रत्यक्ष घेतलेलं आहे की अंदाजे टाकलेलं, हेही तिथेच छापलेलं असतं.

पाण्याचं बिल मीटरवर येतं की ठरावीक, हे एकदा तपासा. काही ठिकाणी मलनिस्सारणाचा आकारही पाण्याच्या वापरावरून लावतात. तसं असेल तर वाचवलेलं लिटर दोनदा कामी येतं. ठरावीक बिल असेल तर पाणी वाचवून ती रक्कम उतरणार नाही, पण पाणी वर चढवायची आणि तापवायची वीज नक्की वाचते.

न वापरता जाणारी वीज शोधणं

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. एका युनिटमागे तो किती वेळा लुकलुकतो, तो आकडा मीटरच्या तोंडावरच छापलेला असतो, बऱ्याचदा १६०० किंवा ३२००. ३६,००,००० ला त्या आकड्याने भागा. ३२०० असेल तर उत्तर ११२५ येतं. आता दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद जातात ते मोजा आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागा. येईल तो त्या क्षणीचा घरचा भार, वॅटमध्ये. एकच लुकलुक मोजली तर चूक होते, म्हणून १० मोजून सरासरी काढा.

ही चाचणी रात्री घ्या. दिवे, पंखे, एसी बंद असावेत आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबलेला असावा. समजा, १५ सेकंदांनी एकदा लुकलुक होते, म्हणजे ७५ वॅट. आकडा किरकोळ वाटतो, पण हे ७५ वॅट २४ तास चालू असतील तर दिवसाला १.८ युनिट आणि महिन्याला ५४ युनिट झाली, तीही कुणी काहीच न वापरता.

आता एकेक एमसीबी (मेन स्विचजवळच्या पेटीतला, घराच्या एका लाइनचा छोटा स्विच) खाली करत जा. ज्या एमसीबीने लुकलुक एकदम मंदावते, त्या लाइनवरचे प्लग एकेक करून काढून पाहा. हाती लागतात ती बहुधा हीच मंडळी: सेट-टॉप बॉक्स (रिमोटने बंद केला तरी बरेच बॉक्स १० ते १५ वॅट ओढत राहतात), राउटर, साउंड सिस्टिम, प्रिंटर, बाथरूममध्ये विसरलेला गीझर आणि जुन्या बॅटरीचा इन्व्हर्टर. बॅटरी थकली की ती पूर्ण चार्ज कधीच होत नाही, आणि इन्व्हर्टर तिला अखंड चार्ज करत बसतो. बॅटरीला हात लावून पाहा. वीज गेलेली नसतानाही ती कोमट लागत असेल तर दुखणं तिथेच आहे.

१० वॅटचा अखंड भार वर्षाला सुमारे ८८ युनिट खातो, एवढा एक आकडा पाठ करून ठेवला की पुढचे सगळे हिशोब तोंडी होतात. मोबाइलच्या चार्जरची मात्र फार चिंता करू नका. फोन न लावलेला चांगला चार्जर पाव वॅटही ओढत नाही, म्हणजे वर्षभर तसाच राहिला तरी सव्वादोन युनिटांच्या आतच. त्याच्या मागे धावण्यात गेलेला वेळ गीझरला द्या.

घरातला मेन स्विच बंद करूनही दिवा लुकलुकत राहिला तर मीटर आणि मेन स्विचमधली वायर खराब आहे, तिथून कुणाची जोडणी गेली आहे किंवा मीटरमध्येच दोष आहे. इथे स्वतः काही उघडू नका. वीजपुरवठा करणाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

गरम पाणी: इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या

१ लिटर पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला १.१६ वॅट-तास लागतात. लिटर गुणिले वाढलेले अंश गुणिले १.१६ भागिले १००० केलं की युनिट मिळतात. १५ लिटरची टाकी २५ वरून ६० अंशांवर न्यायला ०.६१ युनिट लागतं आणि २ किलोवॅटची कॉइल ते काम १८ मिनिटांत करते. आता शॉवर पाहा. मिनिटाला १२ लिटर सोडणारा शॉवर ८ मिनिटं चालला तर ९६ लिटर झालं. पाणी २५ वरून ४० अंशांवर आणायचं तर जवळपास १.७ युनिट लागतं. तोच शॉवर मिनिटाला ७ लिटरचा आणि अंघोळ ५ मिनिटांची केली तर ०.६ युनिट. चार माणसांच्या घरात महिन्याला हा फरक १२० युनिटांच्या वर जातो. घरात दुसरा कोणताही बदल इतक्या स्वस्तात इतका फरक पाडत नाही.

गीझर दिवसभर चालू ठेवावा की लागेल तेव्हा लावावा, हा वाद जुना आहे, पण उत्तर सरळ आहे. तापलेली टाकी सतत उष्णता बाहेर टाकते, आणि पाणी जितका वेळ गरम राहील तितकी ती जास्त जाते. थंड पाणी एकदा तापवणं नेहमीच स्वस्त. अंघोळीच्या २० ते २५ मिनिटं आधी लावा आणि काम झालं की बंद करा. टायमर लावायचा तर तो १६ अँपिअरचा हवा. २ किलोवॅटचा गीझर सुमारे ९ अँपिअर ओढतो, ३ किलोवॅटचा १३. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर गीझर चालवला तर प्लगची पिन तापते, प्लास्टिक वितळतं आणि पुढे आग लागते.

झटपट पाणी देणारा ३ किलोवॅटचा छोटा गीझर जास्त वीज खातो, असा समज आहे. एक लिटर पाणी तापवायला दोन्ही गीझरांना सारखीच वीज लागते. उलट छोट्यात साठवणीची गळती नसते. मात्र त्याने लांबलचक शॉवर घेता येत नाही, आणि घरातल्या वायरिंगला तो भार झेपला पाहिजे.

थर्मोस्टॅट किती ठेवायचा? रोज पूर्ण रिकाम्या होणाऱ्या छोट्या गीझरला ५० ते ५५ अंश पुरतात. ७० अंशांवर तापवून नंतर निम्मं थंड पाणी मिसळण्याने फायदा काहीच नाही; टाकीतून उष्णता जास्त जाते आणि कॉइलवर खारही जास्त बसतो. मात्र मोठी साठवण टाकी असेल आणि पाणी त्यात दिवसेंदिवस राहत असेल तर ती ६० अंशांच्या खाली ठेवू नका. कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात आणि त्यांनी न्यूमोनिया होतो. इथे बचत करायला जाऊ नये, विशेषतः घरात वृद्ध माणसं असतील तर.

कॉइलवर खार चढला की गीझर करकरतो आणि पाणी तापायला वेळ लावतो. विजेच्या गीझरमध्ये याने युनिट फारसे वाढत नाहीत, कारण कॉइलची उष्णता शेवटी पाण्यातच जाते. नुकसान होतं ते कॉइलचं: खाराच्या थराखाली ती आतून जास्त तापते आणि जळते. गॅस गीझरमध्ये मात्र खारामुळे उष्णता धुराड्यातून वाया जाते आणि गॅस खरंच जास्त लागतो. पाणी जड असेल तर वर्षातून एकदा कॉइल साफ करून घ्या आणि त्याच वेळी आतली मॅग्नेशियमची कांडी पाहा. ही कांडी स्वतः झिजून टाकीला गंज लागू देत नाही. ती पेन्सिलीएवढी बारीक झाली असेल तर बदला. सुरक्षा व्हॉल्व्हमधून तापताना पडणारे थेंब पाहून तो बुजवण्याचा मोह मात्र कधीही होऊ देऊ नका. दाब बाहेर पडायची तीच एक वाट आहे. थंड असतानाही सतत पाणी येत असेल तर व्हॉल्व्ह बदलून घ्या.

गीझरपासून नळ लांब असेल तर गरम पाणी येईपर्यंत पाइपातलं थंड पाणी सोडून द्यावं लागतं. आतून १५ मिलिमीटर व्यासाच्या १० मीटर पाइपात पावणेदोन लिटर पाणी मावतं. ते बादलीत धरा. हात धुऊन होईपर्यंत गरम पाणी नळापर्यंत पोचणारच नसेल तर थंड नळच उघडा. एकाच दांड्याच्या मिक्सर नळात दांडा मध्ये ठेवला तर गीझरमधून पाणी ओढलं जातं आणि तापवलेलं पाणी पाइपातच गार होतं. दांडा थंडाच्या बाजूला ठेवायची सवय लावली की एवढं नुकसान टळतं.

नळ आणि शॉवर

बादली आणि घड्याळ एवढंच लागतं. शॉवर पूर्ण सोडा, १० लिटर भरायला किती सेकंद लागतात ते पाहा आणि ६०० ला त्या सेकंदांनी भागा. उत्तर मिनिटाला किती लिटर ते सांगतं. ९ च्या वर आलं तर शॉवर बदलण्यासारखा आहे. त्याच्या आधी मात्र दोन गोष्टी तपासा. गॅस गीझर किंवा झटपट गीझर पाण्याचा ठरावीक प्रवाह असल्याशिवाय पेटत नाही, तेव्हा त्याचा किमान प्रवाह माहितीपत्रकात पाहून घ्या. आणि वरच्या टाकीची उंची कमी असेल तर काही बचतीचे शॉवर नुसते ठिबकतात. कमी दाबावर चालणारा शॉवर मागून घ्या.

बेसिन आणि भांडी घासायच्या नळाला हवा मिसळणारी जाळी लावा. बेसिनला मिनिटाला ३ ते ४ लिटरची, भांड्यांच्या नळाला ५ ते ६ लिटरची पुरते. जाळीचा आटा बाहेरून असेल तर २४ मिलिमीटरची आणि आतून असेल तर २२ मिलिमीटरची जाळी बहुतेक नळांना बसते. जुनी जाळी दुकानात सोबत नेली तर प्रश्नच नाही. बादली किंवा भांडं भरायच्या नळाला ती लावून काही वाचत नाही. १५ लिटरची बादली १५ लिटरचीच राहते, फक्त भरायला वेळ लागतो. दोन-तीन महिन्यांनी धार फाटायला लागली की जाळी काढा, उलटी धरून पाण्याखाली झटका आणि खार असेल तर रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा.

गळती आहे का, ते आधी ठरवा

रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचं रीडिंग लिहा आणि सकाळी कुणीही नळ उघडायच्या आत पुन्हा पाहा. बऱ्याच मीटरवर एक छोटं चाक किंवा तारा असतो. सगळं बंद असताना तो हळूहळू जरी फिरला तरी कुठेतरी पाणी जातंय. आता मीटरनंतरचा घरातला मुख्य कॉक बंद करा. चाक थांबलं तर गळती घरात आहे. तरीही फिरत राहिलं तर ती मीटर आणि कॉकमधल्या पाइपात, बहुधा जमिनीखाली आहे. मधे टाकी असेल तर तिचा फ्लोट (पाण्यावर तरंगून टाकी भरली की पाणी बंद करणारा भाग) पूर्ण वर आलेला असतानाच ही चाचणी खरी ठरते, नाहीतर टाकी भरत असल्याचंच रीडिंग दिसेल.

नळाचे थेंब पडत असतील तर खाली भांडं ठेवा आणि तासाभराने मोजा. तासाला १ लिटर म्हणजे महिन्याला ७२० लिटर.

फ्लशची टाकी

घरातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात दुर्लक्षित गळती इथे असते, कारण पाणी भांड्याच्या मागच्या भिंतीवरून पातळ थर होऊन उतरतं आणि आवाज करत नाही. टाकीत खाण्याच्या रंगाचे ८-१० थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर गळती नक्की.

किती आणि कुठून, हे कळायला टाकीला पाणी देणारा अँगल कॉक बंद करा, टाकीच्या आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलीने रेघ मारा आणि अर्ध्या तासाने पाहा. ४० बाय १५ सेंटिमीटरच्या टाकीत पातळी १ सेंटिमीटर उतरली म्हणजे ६०० मिलिलिटर गेलं. तासाला १.२ लिटर, दिवसाला जवळपास २९ लिटर.

पातळी उतरली तर खालचं रबर गळतंय. उतरली नाही, पण कॉक उघडल्यावर मधल्या ओव्हरफ्लो पाइपात पाणी पडताना दिसलं तर फ्लोट बिघडलाय. या दोन दुखण्यांना दोन वेगळे उपाय आहेत, आणि पुष्कळदा नको तो भाग बदलला जातो म्हणून हे आधी ठरवायचं.

रबर गळत असेल तर कॉक बंद ठेवून टाकी रिकामी करा. पुश-बटणाच्या टाकीत मधला खांब डावीकडे पाव फेरा फिरवला की बहुधा वर निघतो. त्याच्या तळाला सिलिकॉनची चकती असते. चकतीवरून बोट फिरवा: ती कडक, लाटेसारखी किंवा कडेला फाटलेली असेल तर त्याच व्यासाची नवी घ्या. ती ज्या कडेवर टेकते ती कडही पाहा. तिथे खाराचा खडबडीत थर असेल तर नवी चकतीही गळेल. व्हिनेगरात भिजवलेलं फडकं अर्धा तास ठेवून थर पुसून काढा, पटाशीने किंवा सुरीने खरवडू नका. प्लास्टिकला चर पडली की कायमची गळती. सगळं जोडल्यावर बटणाची दांडी पाहा. ती लांब असेल तर झाकण बसवल्यावर बटण व्हॉल्व्हला किंचित दाबून धरतं आणि चकती टेकतच नाही. दांडी आणि बटणामध्ये २-३ मिलिमीटर मोकळीक हवी. चकती बदलूनही पाणी थांबत नसेल तर दहातल्या बऱ्याच वेळा कारण हेच निघतं.

फ्लोट चढा असेल तर त्याचा स्क्रू फिरवून पातळी ओव्हरफ्लो पाइपाच्या तोंडाखाली २ ते २.५ सेंटिमीटर आणा. पातळी खाली आणूनही पाणी चढतच राहिलं तर आतल्या वॉशरखाली वाळूचा कण अडकलाय. उघडून धुवा, नाही जमलं तर पूर्ण फ्लोट बदला. टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या वड्या टाळा, त्यांनी रबर कडक होतं.

जुनी ९ ते १३ लिटरची टाकी असेल तर पाण्याने भरलेली झाकणबंद १ लिटरची बाटली आत ठेवता येते, हलणाऱ्या भागांपासून दूर. वीट ठेवू नका, ती विरघळून चिखल होतो आणि तोच वॉशरखाली जातो. आणि बाटली ठेवल्यावर दोनदा फ्लश करावा लागत असेल तर ती काढून टाका. नवी टाकी घ्यायची तर ३ आणि ६ लिटरच्या दोन बटणांची घ्या, पण भांडंही तेवढ्या पाण्यात साफ होणारं हवं.

गळका नळ

बरेच फेरे फिरवावे लागणाऱ्या नळात वॉशर असतो, पाव फेऱ्यात उघडणाऱ्यात सिरॅमिकचा कार्ट्रिज. पहिल्या प्रकारात मुख्य कॉक बंद करा, नळ उघडून पाइप रिकामा करा आणि बेसिनच्या भोकात फडकं कोंबा, नाहीतर स्क्रू हमखास खाली जातो. मूठ काढून स्पिंडल पान्याने डावीकडे फिरवून काढा आणि टोकाचा वॉशर बदला. नळाच्या आतली वॉशरची बैठक टॉर्चने नक्की पाहा. तिथे चर पडली असेल तर नवा वॉशर काही आठवड्यांतच कापला जातो; बैठक घासायचं छोटं हत्यार मिळतं, ते वापरा किंवा नळ बदला. जोडल्यावर नळ जोर लावून आवळू नका, वॉशर त्यानेच मरतो. पाणी तोंडातून न येता मुठीखालून येत असेल तर वॉशर ठीक आहे, ओ-रिंग बदला. कार्ट्रिज घ्यायला जाताना जुना सोबत न्या. दात्यांची संख्या आणि लांबी जुळली नाही तर मूठ बसत नाही.

टाकी आणि पंप

१ अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण एक युनिट घेतो. रिकामी टाकी भरायला किती मिनिटं लागतात ते भिंतीवर तारखेसह लिहून ठेवा. ४० मिनिटांची ५५ झाली तर ओढीच्या पाइपाच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह गळतोय, गाळणी तुंबलीय, ओढीच्या पाइपात हवा शिरतेय किंवा आतलं चक्र झिजलंय. तपासायचं ते याच क्रमाने, कारण पहिल्या तिन्हींना खर्च थोडा लागतो. पाण्याची पातळी पाहून पंप बंद करणारं यंत्र लावलं तर टाकी वाहून जायची थांबते. त्याचे सेन्सर सहा महिन्यांतून एकदा पुसा, खार चढला की ते चुकीची पातळी दाखवतात.

फ्रिज

आत ३ ते ५ अंश आणि फ्रीझरमध्ये उणे १८ पुरतात. ग्लासभर पाण्यात थर्मामीटर ठेवून रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवा; हवेचं तापमान दार उघडताच बदलतं, पाण्याचं टिकतं. आकड्यांच्या खुंटीवर मोठा आकडा म्हणजे जास्त थंड, हे बऱ्याच घरांत उलटं समजलं जातं.

दाराच्या रबरात कागद धरून दार लावा आणि कागद ओढा. सहज निघाला तर तिथून थंडावा जातोय. सगळ्या बाजूंनी असं तपासा. रबर आधी कोमट साबणाच्या पाण्याने पुसा, कारण बऱ्याचदा चिकट मळामुळेच ते नीट टेकत नाही. वाकडं झालेलं रबर केस वाळवायच्या यंत्राच्या गरम हवेने सैल करून पुन्हा आकारात येतं. मागे ५ ते १० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा, मागची जाळी दिसत असेल तर प्लग काढून वर्षातून दोनदा ब्रशने झाडा, आणि हाताने बर्फ काढायच्या फ्रिजमध्ये थर अर्धा सेंटिमीटर झाला की बर्फ वितळवा.

एसी आणि पंखा

दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना साधारण दीड किलोवॅट ओढतो, तेव्हा इथेही लक्ष द्यायला हवं. १८ वर लावल्याने साध्या एसीने खोली लवकर गार होत नाही. कॉम्प्रेसर तेवढ्याच जोराने चालतो, फक्त थांबत नाही. २५-२६ अंश आणि सोबत पंखा ही जोडी चांगली. एक अंश वाढवला की साधारण ५-६ टक्के वीज वाचते. वापराच्या दिवसांत दर दोन आठवड्यांनी जाळी धुवा आणि पूर्ण वाळवून बसवा. बाहेरच्या युनिटसमोर कपडे, कुंड्या, पत्रा काही नको. खिडकीवरचं ऊन बाहेरून अडवा. पडदा आतून लावला तर उष्णता काचेतून आत आलेलीच असते.

जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी) मोटरचा ३० च्या आसपास. रोज १२ तास चालला तर महिन्याला १६ युनिट वाचतात. म्हणून आधी सगळ्यात जास्त चालणारा पंखा बदला, पाहुण्यांच्या खोलीतला तसाच राहू द्या. बीएलडीसी पंखा जुन्या रेग्युलेटरवरून चालवू नका, तो रेग्युलेटर लाइनमधून काढून टाका. साधा पंखा ठेवायचा असेल आणि रेग्युलेटर मोठा, हाताला गरम लागणारा असेल तर तो तरी बदला; वाचलेली वीज तो उष्णता म्हणून जाळतो.

खोली गरम करायला विजेचा हीटर वापरत असाल तर तेलाचा, कॉइलचा, सिरॅमिकचा, कुठलाही घ्या, एका युनिटमागे उष्णता सारखीच मिळते. हीट पंप किंवा गरम हवा देणारा एसी त्याच युनिटात साधारण तिप्पट उष्णता देतो.

कपडे आणि स्वयंपाक

पाणी तापवणाऱ्या धुलाई यंत्राची बहुतेक वीज त्या तापवण्यातच जाते. रोजचे कपडे थंड किंवा ३० अंशांवर धुवा, महिन्यातून एकदा ६० अंशांवर रिकामं चालवा म्हणजे ड्रममध्ये बुरशी धरत नाही. साबण जास्त घातला की फेस जात नाही आणि खळबळायला जास्त पाणी लागतं. फेस काचेवर अर्ध्याच्या वर दिसला तर पुढच्या वेळी मात्रा कमी करा. कपडे यंत्राने वाळवत असाल तर आधी जास्तीत जास्त वेगाने पिळून घ्या, पाणी फिरवून काढणं ते तापवून उडवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

स्वयंपाकात झाकण, प्रेशर कुकर आणि भांड्याच्या बुडाबाहेर न जाणारी ज्योत एवढं सांभाळा. ज्योत पिवळी होऊन भांडी काळी होऊ लागली तर बर्नरची भोकं सुईने साफ करा.

काय घेऊ नये

प्लगमध्ये खोचायचे 'वीज वाचवणारे' डबे घेऊ नका. त्यांच्या आत बहुधा एक कपॅसिटर आणि एक दिवा असतो. युनिटांवर बिल येणाऱ्या घरगुती मीटरमध्ये प्रत्यक्ष वापरलेली ऊर्जा मोजली जाते, ती या डब्याने कमी होत नाही.

नवं उपकरण घेताना वर्षाला वाचणारे युनिट गुणिले वरच्या टप्प्याचा दर करा आणि किंमत त्याने भागा. किती वर्षांत पैसे परत येतात ते कळतं. ६० वॅटच्या पिवळ्या बल्बाच्या जागी ९ वॅटचा एलईडी काही महिन्यांत पैसे फेडतो. चालू असलेला एलईडी काढून नवा लावण्यात काही नाही.

दुरुस्तीनंतरचा आकडा गेल्या महिन्याशी न ताडता गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडा, कारण ऋतू बदलला की एसी आणि गीझरचा वापर आपोआप बदलतो. दर महिन्याच्या एकाच तारखेला दोन्ही मीटरचा फोटो काढून ठेवा. बिलावरचं रीडिंग तुमच्या फोटोशी जुळलं नाही तर तक्रारीसोबत तोच लावता येतो.